दोन बाजूंचा भाव आणि मधला टेम्पो

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या दुकानाचे नाव एका पंचनाम्यात आले. पस्तीस वर्षांच्या धंद्यात ही पहिलीच वेळ. गुन्हा आमचा नव्हता, पण गाडीतला माल आमचा होता. सोलापुरी टॉवेल-चादरींच्या सहा गाठी. त्या गाठींच्या खाली दोन पोती निघाली आणि त्या पोत्यांत गांजा निघाला.

टेम्पो आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाचा. बाप गवंडीकाम करता करता गेला. घरात आई आणि दोन बहिणी. मुलाने फायनान्सवर टेम्पो घेतला आणि आठवड्यातून दोनदा सोलापूरहून बारामतीला आमचा माल आणू लागला. इंदापूरच्या दुकानाचा मालही तोच उतरवून पुढे येई. त्या दिवशी सोलापुरात कोणीतरी "मसाल्याचा माल आहे, भिगवणला उतरवून घेतील" असे सांगून दोन पोती गाडीत टाकली आणि नेहमीच्या दुप्पट भाडे हातावर ठेवले. बिल्टी नाही, बिल नाही. इंदापूरच्या अलीकडे गाडी अडवली गेली. वजन वीस किलोच्या वर भरले. वीस किलो या आकड्याला फार महत्त्व आहे, ते पुढे सांगू.

आम्हाला ठाण्यात बोलावणे आले. टॉवेलचे बिल, ई-वे बिल, पैसे बँकेतून गेल्याचा कागद, सगळे दाखवले. दोन दिवस हेलपाटे घालून आम्ही सुटलो. मुलगा आत राहिला. त्याची आई अजून दुकानात येऊन बसते. "भाईजान, त्याला खरंच माहीत नव्हतं हो," एवढेच म्हणते. आम्हाला तिचे म्हणणे खरे वाटते. पण मसाल्याला दुप्पट भाडे कोण देतो, हे त्याने विचारले नाही. आणि इतकी वर्षे त्याच्या गाडीत माल भरणाऱ्या आम्ही तरी त्याला हे विचारायला कधी शिकवले?

हा प्रकार आम्ही कॅनडात राहणाऱ्या आमच्या भाच्याला फोनवर सांगितला. तो हसला. म्हणाला, "मामू, इथे तर दुकानात मिळतो, बिलासकट, टॅक्स लावून. तुमच्याकडेही खुला करा म्हणावं, तस्करी आपोआप बंद पडेल." नशा हराम आहे, हा प्रश्न आमच्यासाठी मिटलेला आहे आणि त्यावर आम्ही इथे लिहीत नाही. पण भाच्याचा मुद्दा नशेचा नव्हता, भावाचा होता. भावाच्या गोष्टीला दुकानदाराने भावाच्याच हिशेबाने उत्तर द्यावे, म्हणून हा लेख. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठीत कुठे चूक झाली असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावी.

कापडाच्या ताक्याचा भाव कसा बसतो ते आपल्याला माहीत आहे. सूत, विणाई, रंगाई, गाठ बांधणे, हुंडेकऱ्याचे भाडे, कर आणि आपला नफा. इचलकरंजीहून इंदापूरला कापड आणायचे भाडे मीटरमागे पैशांत मोजतात. गांजाला शेतमाल म्हणून पाहिले तर त्यात काय आहे? झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवायचे आणि पोत्यात भरायचे. पिकवण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च मिरचीच्या पोत्याहून फार वेगळा असायचे कारण नाही. तरीही पकडलेल्या मालाच्या बातम्यांत किलोमागे हजारो रुपये लावलेले असतात. हा वरचा पैसा धोक्याचा आहे. पिकवणाऱ्याचा धोका, भरणाऱ्याचा धोका, गाडी चालवणाऱ्याचा धोका, पुडी विकणाऱ्याचा धोका. प्रत्येक हात आपल्या धोक्याची किंमत मालावर चढवतो. आमच्या मुलाला मिळालेले जादा भाडे त्यातलाच एक तुकडा होता, आणि सगळ्यांत लहान तुकडा होता.

अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१० साली कॅलिफोर्नियापुरता हा हिशेब मांडला होता. गांजा खुला झाला तर कर धरण्याआधीचा भाव ऐंशी टक्क्यांहून अधिक उतरू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे शंभर रुपयांच्या मालात ऐंशी रुपये केवळ बंदीचे. व्यापारी म्हणून हे वाचताना आम्हाला नवल वाटले नाही. आमच्या अब्बांच्या दुकानात आम्ही असाच भाव पाहिला आहे, फक्त माल वेगळा होता.

ऐंशीच्या दशकात आम्ही शाळेतून आलो की दुकानात बसत असू. गिऱ्हाईक इकडेतिकडे पाहून हळूच विचारी, "फॉरेनचं काही आहे का?" जपानी साडी, जपानी सुटिंग. हा माल मुंबईला मुसाफिरखान्यात, मनीष मार्केटात मिळे. दुबईकडून गलबतांतून येई आणि रात्री किनाऱ्याला लागे. कपडा म्हणून तो आपल्या मालापेक्षा फार उंची होता असे नाही. पण परदेशी कापड आणायला परवानगी नव्हती, आणि होती तिथे जकात एवढी होती की सरळ मार्गाने आणणे परवडत नसे. अब्बा असा माल ठेवत नसत. त्यामुळे लग्नसराईत चार गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जात, आणि आम्हाला अब्बांचा राग येई. हे आज लिहायला हरकत नाही.

पुढे त्या धंद्याचे काय झाले? छापे पडून तो संपला नाही. १९७४ साली तस्करीविरुद्ध स्थानबद्धतेचा कडक कायदा आला, त्यानंतरही माल येतच होता. १९८२ साली पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना निघाला, सुरतेला माग वाढले, आणि तसलेच कापड इथे स्वस्त होऊ लागले. १९९१ नंतर जकात टप्प्याटप्प्याने उतरली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनेही गेली. तोवर समुद्रातून चोरून साडी आणण्यात कोणाला रस उरला नव्हता, कारण समुद्राच्या दोन्ही बाजूंना भाव जवळजवळ सारखा झाला होता. तेव्हा फॉरेनच्या मालावर मोठी झालेली दुकाने नंतर बसली, आणि अब्बांचे दुकान आजही चालू आहे.

सोन्याचीही हीच गोष्ट, पण तिच्यात एक वळण आहे. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला. चौदा कॅरेटच्या अटीने सोनारकाम करणाऱ्या किती कारागिरांची रोजी गेली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. सोने मात्र येतच राहिले, बिस्किटांच्या रूपाने. १९९० साली कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशातून येणाऱ्यांना जकात भरून सोने आणण्याची मोकळीक मिळाली आणि बिस्किटवाल्यांचा धंदा मोडला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २०१३ साली सरकारने जकात दहा टक्क्यांवर नेली आणि विमानतळांवर पुन्हा बुटांत, पट्ट्यांत सोने सापडू लागले. २०२२ साली जकात पंधरा टक्के झाली. जुलै २०२४ मध्ये ती सहा टक्क्यांवर आणली, तेव्हा तस्करीला आळा बसावा हाही त्यामागचा हेतू होता. सोने या सगळ्या काळात कायदेशीरच होते. तरी चोरवाट उघडत-मिटत राहिली, कारण मधला फरक कमी-जास्त होत राहिला.

भाच्याला आम्ही हेच सांगितले. माल खुला आहे की बंद, यावर तस्कर जगत नाही. दोन बाजूंच्या भावांतील फरकावर तो जगतो.

भाच्याचा अनुभवही हेच सांगतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा खुला झाला. २०१९ साली तिथल्या सरकारच्याच आकडेवारीत दुकानातला माल ग्रॅमला दहा डॉलरच्या आसपास होता आणि चोरून विकणाऱ्याचा सहा डॉलरच्या आत. मग परवानाही आला, करही आला, आणि जुना विकणाराही टिकून राहिला. दुकानांतले भाव उतरले तेव्हा लोक तिकडे वळू लागले. उरुग्वे नावाच्या छोट्या देशाने हा हिशेब आधीच केला होता. तिथे २०१३ साली कायदा झाला आणि २०१७ पासून नोंदणी केलेल्या रहिवाशांना औषधाच्या दुकानात गांजा मिळू लागला. भाव ग्रॅमला सव्वा डॉलरच्या आसपास, मुद्दाम कमी ठेवलेला, कारण शेजारच्या पराग्वेतून येणाऱ्या चोरट्या मालाशी स्पर्धा होती. परदेशी माणसाला विक्री नाही. त्यांनाही फरकाची भीती होती, म्हणूनच ही अट.

अमेरिका आणि मेक्सिकोची सरहद्द भाच्याच्या बाजूची साक्ष देते. २०१२ साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत लोकांनी मतदान करून गांजा खुला केला, पुढे आणखी राज्ये त्यात आली. सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांना जो गांजा सापडत असे, तो दहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. अमेरिकेतच माल पिकू लागल्यावर मेक्सिकोचा माल कोण घेणार? मेक्सिकोच्या टोळ्या मात्र घरी बसल्या नाहीत. फेंटानिलसारख्या जास्त घातक मालाकडे त्या वळल्या. तिथे फरक अजून शाबूत आहे.

आता आपल्या बाजूला या. इथे भाच्याची गोष्ट उलटी होते.

९ जून २०२२ रोजी थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दुकाने लागली, बंद खोल्यांत दिव्याखाली पिकवलेला उंची माल बाजारात आला, भाव पडले. तिथून चार-पाच तासांच्या विमानप्रवासावर मुंबई, जिथे तो माल बंद. परिणाम वर्तमानपत्रांत दिसतो आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक गांजा, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा, पुन्हा पुन्हा पकडला जातो. कस्टमवाले त्याची किंमत किलोला कोटी रुपयांच्या घरात लावतात. जून २०२५ मध्ये थायलंडने पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली, पण वाट एकदा पडली की ती लगेच बुजत नाही. एका देशाने दार उघडले आणि त्याचा भार दुसऱ्या देशाच्या दारावर आला. बॅग उचलणारे कोण असतात? फुकट तिकीट, हॉटेल आणि काही हजार रुपये या बोलीवर गेलेली पोरे. कोणाचे लग्न ठरलेले, कोणाच्या डोक्यावर कर्ज. बारामतीच्या मुलालाही पासपोर्ट काढायला आता फार दिवस लागत नाहीत.

आपल्या घराजवळचे उदाहरण गुटख्याचे आहे. महाराष्ट्राने २००२ साली गुटखा बंद केला, २००४ साली सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द केली, आणि जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. कर्नाटकात बंदी आली २०१३ साली. मधले महिने सोलापूरच्या पलीकडे माल खुला आणि अलीकडे बंद. याच महिन्यांत वाहतुकीची घडी बसली, आणि ती नंतर मोडली नाही. पुडीवर छापलेली किंमत एक आणि टपरीवर मागितली जाणारी दुसरी, हे आपण सगळे पाहतो. या दोन आकड्यांमधली रक्कम सरकारच्या तिजोरीत जात नाही. टपरीवाल्यावर केस होते, टेम्पो जमा होतो, कारखानदाराचे नाव कुठे येत नाही. टपऱ्या चालवणारे आणि टेम्पो हाकणारे किती जण आपल्या घरांतले आहेत, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही.

गांजाचा आपल्याकडचा रस्ता पूर्वेकडून येतो. आंध्रच्या पाडेरू भागात आणि ओरिसाच्या मलकानगिरीच्या डोंगरांत तो पिकतो. २०२१ साली आंध्रच्या पोलिसांनी 'परिवर्तन' नावाची मोहीम काढून हजारो एकरांवरचे पीक उपटले. माल तुटला की भाव वाढतो आणि उरलेल्याला नफा होतो, हा आडत्याचा जुना अनुभव आहे. हैदराबाद, सोलापूर, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पुणे असा हा सरळ रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५. तो मछलीपट्टणपासून पुण्यापर्यंत येतो. त्याच रस्त्याने आपल्या चादरी येतात. ऊस किंवा मक्याच्या आड दोन-चार झाडे लावल्याच्या बातम्याही आपल्या तालुक्यांतून अधूनमधून येतात. पण ते किरकोळ. ठोक माल रस्त्यानेच येतो.

एकेकाळी हे पीक आपल्याच मुलखात सरकारच्या नजरेखाली होत असे. इंग्रजांनी १८९३-९४ साली भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात त्याची लागवड होती. आयोगाने सल्ला दिला की सरसकट बंदी नको, कर आणि परवाना ठेवा. संपूर्ण देशाला लागू असलेली आजची बंदी १९८५ च्या कायद्याने आली. त्यातही पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, म्हणून उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. त्याच कायद्यात धाग्यासाठी या झाडाची लागवड करू देण्याची तरतूदही आहे, आणि उत्तराखंडने नशा नसलेल्या जातीला परवाने दिले आहेत. कापडवाले म्हणून आम्हाला या धाग्याचे कुतूहल आहे. ताग-अंबाडीसारखा मजबूत, धुतल्यावर मऊ होणारा. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

मग आमचे मत काय? गांजा इथे खुला करावा, असे आम्ही म्हणत नाही. थायलंडने घाईने उघडले आणि तीन वर्षांत पुन्हा कडी लावली, हे समोर आहे. पण "आणखी कडक करा" म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. ते फक्त धोक्याची किंमत वाढवतात, आणि वाढलेल्या किमतीवर नवे पोर तयार होते. जो कायदा पोती भरणाऱ्याला सोडतो आणि पोती वाहणाऱ्याला धरतो, तो भाव खाली आणू शकत नाही, कारण वाहणारा उद्या दुसरा मिळतो. तपास भाड्याच्या पैशाच्या मागे उलटा जायला हवा. आमच्या मुलाला सोलापुरात पैसे कोणी दिले, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलेले नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे, ते व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावे. वीस किलोचा आकडा आम्ही वर लिहिला. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत. एक किलोपासून वीस किलोपर्यंत असेल तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोहून अधिक असेल तर कमीत कमी दहा वर्षे, वीसपर्यंत, आणि किमान एक लाख रुपये दंड. या शेवटच्या प्रकारात जामीन फार कठीण असतो, कारण आरोपी निर्दोष असावा असे मानायला कोर्टाला सबळ कारण दिसावे लागते. 'मला माहीत नव्हते' हे ज्याच्यावर खटला आहे त्यालाच सिद्ध करावे लागते. जाणूनबुजून गोडाऊन, घर किंवा गाडी वापरू देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. गाडी जप्त होते, आणि ती वाचवायची तर मालकाला दाखवावे लागते की आपल्याला माहीत नव्हते आणि आपण योग्य ती काळजी घेतली होती. काळजी म्हणजे कागद. बिल्टी, पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे बिल.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. आमचा माल ज्या गाडीत आहे त्या गाडीत दुसऱ्याचा माल बिल्टीशिवाय चढला तर भाडे देणार नाही, हे सोलापूरच्या गुमास्त्याला आणि सगळ्या टेम्पोवाल्यांना सांगितले. सुरुवातीला दोघे रुसून गेले. एक परत आला. दुसरी गोष्ट, रिकाम्या परतीचे भाडे आता आम्ही थोडे वाढवून देतो. जाताना रिकामी गाडी नेणाऱ्या पोराला पाचशे रुपये कमी पडले की तो कोणाचेही पोते उचलतो, आणि ते पाचशे आजवर आम्हीच वाचवत होतो.

टेम्पो अजून ठाण्याच्या आवारात उभा आहे. हप्ते थांबलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आसामातल्या एका ट्रकच्या खटल्यात म्हटले की खटला चालू असताना गाडी मालकाला तात्पुरती सोडायला या कायद्यात मनाई नाही. पण त्या खटल्यात ट्रकचा मालक स्वतः आरोपी नव्हता. इथे मालक आणि ड्रायव्हर एकच आहे. वकील म्हणतात, तरी अर्ज करून पाहू. कागदपत्रे आम्ही जमवून दिली आहेत, जामीनदार म्हणून उभे राहायचीही तयारी आहे. पुढची तारीख शब-ए-बरातच्या आधी लागावी, एवढेच त्याची आई रोज येऊन विचारते.